कोकण किनाऱ्यावरील प्लवकांची विविधता डीएनएवरून अभ्यासायची असेल तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यात प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करणाऱ्या एका विद्यार्थिनीला डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंत दहा ठिकाणी समुद्राचे पाणी घेऊन, त्यातील डीएनएवरून प्लवकांची (पाण्याबरोबर वाहत राहणाऱ्या बारीक जिवांची) विविधता कुठे जास्त आणि कुठे कमी आहे हे पाहायचे आहे. भाऊबीज आटोपली की गाडी काढायची, आठवडाभरात किनारा पालथा घालायचा, प्रत्येक ठिकाणची एक बाटली बर्फात ठेवून पुण्याला आणायची आणि पुढचे काम प्रयोगशाळेत करायचे, असा बेत आहे. तिने विचारले आहे की, एक्स्ट्रॅक्शनसाठी (डीएनए वेगळा काढण्यासाठी) किट कोणते घ्यावे, प्रायमर (डीएनएचा कोणता तुकडा वाचायचा हे ठरवणारा छोटा अनुक्रम) कोणता वापरावा, एका नमुन्याला किती रीड्स (यंत्राने वाचलेले डीएनएचे तुकडे) पुरतील आणि एवढे केल्यावर सूक्ष्मदर्शकाखाली प्लवक ओळखायला शिकण्याची गरज उरते का.

हे चारही प्रश्न प्रयोगशाळेतले आहेत आणि त्यांची उत्तरे मी पुढे देणारच आहे. पण तुमच्या बेतातली खरी अडचण प्रयोगशाळेच्या अलीकडे, पाण्यापाशी आहे. दोन बाटल्यांमध्ये दिसणारा फरक हा त्या दोन ठिकाणांमधला फरक आहे, असा दावा तुम्हाला शेवटी करायचा आहे. हा दावा टिकेल की नाही, हे सीक्वेन्सिंगचे, म्हणजे डीएनएतील अक्षरांचा क्रम वाचणारे, यंत्र ठरवत नाही. त्याला जे पाणी द्याल ते ते इमानेइतबारे वाचून दाखवते. ते भरतीचे होते की ओहोटीचे, सकाळचे की रात्रीचे, गाळण्याआधी किती तास बाटलीत पडून होते, याची त्याला काही कल्पना नसते. पुण्यात राहून किनारी पाण्यातल्या सूक्ष्मजीवांवर काम करताना माझे मत असे बनत गेले आहे की, पैसे आणि डोके यांचा मोठा वाटा पाणी घेण्यावर खर्च करावा आणि उरलेल्यात सीक्वेन्सिंग भागवावे. बहुतेक प्रकल्पांच्या अंदाजपत्रकात मला याच्या उलटे दिसते.

अर्थात, होडी मिळणार आहे की धक्क्यावर उभे राहूनच पाणी घ्यावे लागणार आहे, मार्गदर्शकांना डायटममध्ये (सिलिकाचे कवच असलेल्या एकपेशीय शैवालांमध्ये) रस आहे की कोपेपॉडमध्ये (बारीक कवचधारी प्राण्यांमध्ये), पैसे किती आहेत, एकच फेरी शक्य आहे की वर्षभर जाता येईल, यावर पुष्कळ काही अवलंबून आहे. त्यामुळे पुढे लिहिले आहे ते सर्वांना लागू पडणारे सूत्र म्हणून न घेता त्यामागचा विचार म्हणून घ्यावे.

सर्वांत आधी भरती-ओहोटी. लक्ष्मीपूजन अमावास्येला असते, म्हणजे भाऊबीजेला तुम्ही निघाल तेव्हा समुद्राला उधाण असेल. उत्तरेकडून सुरुवात करून सहा-सात दिवसांनी वेंगुर्ल्याला पोचाल तेव्हा कार्तिक शुद्ध अष्टमी आलेली असेल आणि पाणी भांगाचे, म्हणजे कमीत कमी चढउताराचे, असेल. त्यातच आपल्या किनाऱ्यावर भरती-ओहोटीचा फरक उत्तरेकडे मुळातच मोठा आहे. मुंबईजवळ उधाणाला तो चार-पाच मीटरपर्यंत जातो, तर गोव्याकडे जाता जाता दोन-सव्वादोन मीटरवर येतो. म्हणजे डहाणूचे पाणी तुम्ही सर्वाधिक ढवळलेल्या अवस्थेत घेणार आणि वेंगुर्ल्याचे सर्वाधिक शांत अवस्थेत. उधाणाचे पाणी तळाचा गाळ वर उचलते, त्या गाळाबरोबर तळावर राहणारे डायटम आणि मेलेल्या पेशींचे डीएनए वर येतात, खाडीच्या आतले पाणी पार बाहेरपर्यंत खेचले जाते. निकालात उत्तर-दक्षिण असा सुंदर उतार दिसेल, तो आलेखात उठूनही दिसेल. पण अक्षांशाच्या नावाखाली तुम्ही चंद्रकला मोजलेली असेल. हा दोष नंतर कोणत्याही संख्याशास्त्रीय युक्तीने काढता येत नाही, कारण ठिकाण आणि तिथी एकमेकांना चिकटून बसलेली असतात.

यावर उपाय किनाऱ्यावरच्या कोणत्याही तांडेलाला (होडीच्या प्रमुखाला) माहीत असतो. तिथीला पाऊणने गुणले की भरतीची ढोबळ वेळ मिळते: अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ, पौर्णिमेला सव्वाअकरा. ठिकाणपरत्वे ही वेळ पुढेमागे होते, म्हणून प्रत्यक्ष दिवस ठरवताना त्या बंदराचा छापील भरती-ओहोटीचा तक्ता पाहावाच. परंतु नियोजनासाठी हा हिशेब फार कामाचा आहे, कारण त्यातून एक महत्त्वाची गोष्ट लक्षात येते. तिथी सारखी ठेवली की भरतीची अवस्था आणि घड्याळातली वेळ या दोन्ही गोष्टी एकदमच सारख्या राहतात. घड्याळही सारखे असणे आवश्यक आहे, कारण अनेक प्राणीप्लवक दिवसा खोल जातात आणि रात्री वर येतात; सकाळी नऊचा आणि सायंकाळी सातचा नमुना एकाच जागेचा असला तरी तुलनेला बसत नाही. दशमी ते त्रयोदशी या चार दिवसांत भरती साधारण साडेसात ते पावणेदहाच्या दरम्यान येते. कार्तिकातल्या याच तिथी, म्हणजे तुळशीच्या लग्नाच्या आसपासचे दिवस, बहुधा तुमच्या सुट्टीतच असतील. चार दिवसांत चार ठिकाणे, रोज भरतीच्या माथ्यावर, असे काम करता येईल. त्या चार दिवसांतही पाणी रोज थोडे थोडे उधाणाकडे चढत जाते, म्हणून ठिकाणांचा क्रम उत्तर-दक्षिण असा सरळ न ठेवता उलटसुलट करावा, आणि पंधरा दिवसांनी वद्य पक्षात पुन्हा जाता आले तर क्रम बदलावा.

दहाऐवजी चारच ठिकाणे म्हटल्यावर तुमचा हिरमोड होईल, हे मी समजू शकतो. पण दहा ठिकाणी एकेक बाटली म्हणजे दहा किस्से होतात. त्यांतून ठिकाणाठिकाणांतली तुलना निघत नाही. एकाच जागी पाच-दहा मीटरवर घेतलेल्या दोन बाटल्यांमध्येही प्लवकांचे प्रमाण वेगळे असू शकते, कारण प्लवक पाण्यात पुंजक्यांनी असतात. हा अंतर्गत फरक किती आहे हे कळल्याशिवाय दाभोळ आणि देवगड यांच्यातला फरक मोठा की छोटा हे सांगताच येत नाही. म्हणून प्रत्येक ठिकाणी किमान तीन स्वतंत्र बाटल्या घ्याव्यात. स्वतंत्र म्हणजे होडी जरा हलवून पुन्हा भरलेल्या; एका बादलीतले पाणी तीन बाटल्यांत ओतणे किंवा एका डीएनएची तीनदा पीसीआर (डीएनएच्या तुकड्याच्या असंख्य प्रती बनवण्याची क्रिया) करणे याला पुनरावृत्ती समजू नये. ठिकाणे निवडताना मी जोड्या करीन: उत्तरेला हर्णैसमोरचे उघडे पाणी आणि त्याच्या जवळचे वाशिष्ठीचे मुख, म्हणजे दाभोळ, दक्षिणेला देवगडसमोरचे उघडे पाणी आणि वाघोटन खाडीचे मुख, म्हणजे विजयदुर्ग. यातून खाडी विरुद्ध उघडा समुद्र आणि उत्तर विरुद्ध दक्षिण अशा दोन्ही तुलना एकाच फेरीत पुढे येतात. पैकी उत्तर-दक्षिण तुलना दोन-दोन ठिकाणांवरच उभी आहे, म्हणून तिच्याबद्दल लिहिताना हात आखडता ठेवावा. मालवणचा मोह होईल, परंतु तेथील काही भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे आणि त्यात नमुने घेण्यासाठी वनविभागाची परवानगी लागते. ती मिळायला लागणारा वेळ एम.एस्सी.च्या वेळापत्रकात बसेलच असे नाही.

ऋतूबद्दल थोडेच लिहितो. एका फेरीतून मिळते ते एका पंधरवड्याचे चित्र असते आणि लेखात ते तसेच म्हणावे. दिवाळीच्या सुमाराला खाड्यांमध्ये पावसाळ्याच्या गोड्या पाण्याचा अंमल पूर्ण ओसरलेला नसतो, म्हणून क्षारता मोजल्याशिवाय एकही बाटली भरू नये. फेब्रुवारी-मार्चमध्ये गेलात तर पाणी वेगळे, प्लवक वेगळे. जून-जुलैमध्ये यांत्रिक मासेमारीला बंदी असते आणि समुद्रही होडी घालण्याजोगा नसतो. पावसाळी नमुने हवे असतील तर खाडीच्या आत किंवा धक्क्यावरून घ्यावे लागतात आणि खऱ्या अर्थाने पाण्यात उतरता येते ते नारळी पौर्णिमेनंतर.

आता बर्फातल्या बाटलीविषयी. समुद्राचे पाणी बाटलीत भरल्या क्षणापासून बदलू लागते. जिवाणू वाढतात, लहान प्राणी लहान शैवालांना खातात, नाजूक पेशी फुटतात. बर्फाने हे मंदावते, थांबत नाही. देवगडहून घाट चढून पुण्याला पोचेपर्यंत अख्खा दिवस गेलेला असतो आणि तोवर तुम्ही किनाऱ्याऐवजी बाटलीचा अभ्यास करू लागलेल्या असता. पाणी तेथेच, शक्यतो तासाभरात गाळावे आणि पुण्याला फक्त फिल्टर आणावेत. हे वाटते तितके अवघड नाही. लॉजच्या खोलीत टेबल ब्लीचने पुसून घ्यावे, वर स्वच्छ फॉईल अंथरावी, हातपंप किंवा छोटा पेरिस्टाल्टिक पंप लावावा. वीज जाते, म्हणून हातपंप बरोबर असलेला बरा. उधाणाच्या ओहोटीला खाडीच्या मुखाशी घेतलेले पाणी अर्धा लिटरही जात नाही तोच फिल्टर चॉकलेटी होतो, थेंब पडण्याचा वेग मंदावत जातो आणि जोर लावला तर फिल्टर मधोमध फाटतो. तेच फेब्रुवारीत किनाऱ्यापासून थोडे आत गेल्यावर दोन लिटर पाणी सहज निघते आणि फिल्टरवर फिकट पिवळसर-हिरवी झाक तेवढी राहते. म्हणून किती पाणी गाळायचे याचा आकडा आधी ठरवून जाऊ नये. सर्वांत गढूळ ठिकाणी जेवढे जाते तेवढेच बाकी ठिकाणीही गाळावे आणि प्रत्येक फिल्टरच्या नळीवर प्रत्यक्ष आकारमान लिहावे. चिमट्याने फिल्टरची घडी आत डीएनए येईल अशी घालावी आणि नळीतल्या लायसिस बफरमध्ये (पेशी फोडून डीएनए टिकवणाऱ्या द्रावणात) तो पूर्ण बुडवावा. कोकणात कोरडा बर्फ मिळवण्याच्या फंदात पडण्यापेक्षा असा बफर अधिक भरवशाचा असतो. सूक्ष्मदर्शकासाठी वेगळी बाटली ल्यूगोलच्या (आयोडीनच्या) द्रावणात ठेवावी, मात्र तिचा आणि डीएनएच्या नमुन्यांचा संबंध येऊ देऊ नये. आणि फॉर्मालिन तर डीएनएच्या खोक्याजवळही ठेवू नये.

गाळण्याच्या आधी आकारानुसार विभागणी करायची की नाही, हा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण निकालावर त्याचा परिणाम प्रायमरइतकाच होतो. पाण्यात ०.२ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जिवाणूपासून काही मिलिमीटरच्या कोपेपॉडपर्यंत सगळे असतात. एक कोपेपॉड फिल्टरवर आला तर त्याच्या हजारो पेशींचा डीएनए बाकी सर्वांना झाकून टाकतो आणि निम्म्याहून अधिक रीड्स त्याच्याच निघू शकतात. म्हणून पाणी प्रथम २०० मायक्रॉनच्या जाळीतून ओतून घ्यावे, मग ३ मायक्रॉनचा फिल्टर आणि शेवटी ०.२२ मायक्रॉनचा, अशी पद्धत मला पसंत आहे. पण जाळीवर राहिलेला माल फेकू नये. हिवाळ्यात कोकणच्या काही किनाऱ्यांवर रात्री लाटा निळसर चमकतात, ते बहुधा नॉक्टिल्युकाचे काम असते. ही एकपेशीय असली तरी २०० मायक्रॉनपासून दोन मिलिमीटरपर्यंत वाढते, म्हणजे त्या जाळीतून ती खाली येतच नाही. रात्री समुद्र उजळलेला पाहायचा आणि अहवालात नॉक्टिल्युकाचे नाव जेमतेम, असा प्रकार त्यातून होतो. जाळीवरचा गाळ ९५ टक्के इथेनॉलमध्ये ठेवला तर तो सूक्ष्मदर्शकालाही चालतो आणि नंतर डीएनएलाही.

याच नॉक्टिल्युकाचे आणखी एक उदाहरण देण्याजोगे आहे. अरबी समुद्रात तिचा हिरवा प्रकार आढळतो; भिंगाखाली पाहिले तर काचेच्या गोळीसारख्या त्या पेशीच्या आत अतिसूक्ष्म हिरवे जीव इकडून तिकडे पोहत असतात. ते तिच्या आत राहणारे प्रोटोयुग्लिना नावाचे शैवाल, ज्याला बरीच वर्षे पेडिनोमोनास म्हटले जाई. डीएनएच्या यादीत मात्र या शैवालाची वेगळी ओळ येते आणि यादी वाचणारा त्याला पाण्यात मोकळे फिरणारे वनस्पतीप्लवक समजतो. कोण कोणाच्या पोटात होते, हे यादी सांगत नाही.

आता प्रायमर. सर्व प्लवक दाखवणारा एकच प्रायमर नाही, आणि कोणता जीव तुमच्या निकालात असणारच नाही हे प्रायमर निवडतानाच ठरून जाते. दृश्यकेंद्रकी, म्हणजे पेशीत केंद्रक असलेल्या, जिवांसाठी १८एस या जनुकाचा व्ही४ किंवा व्ही९ हा तुकडा वापरतात. व्ही९ लहान, साधारण १३० अक्षरांचा असतो आणि फार दूरदूरचे गट पकडतो. ‘तारा’ या नौकेने २००९ ते २०१३ या काळात जगभरच्या समुद्रांतून घेतलेल्या नमुन्यांवर तोच वापरला गेला आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत सूर्यप्रकाश पोचणाऱ्या थरातील दृश्यकेंद्रकी प्लवकांचे सुमारे दीड लाख गट मोजले गेले, ज्यांपैकी जवळजवळ एक तृतीयांश गटांना कोणत्याही ज्ञात वंशशाखेत बसवता आले नाही. व्ही४ लांब, साधारण ३८० अक्षरांचा असल्यामुळे नाव अधिक बारकाईने सांगतो आणि त्याची संदर्भ माहितीही विपुल आहे. तुमच्या कामासाठी मी स्टोएक आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये दिलेले व्ही४ प्रायमर घेईन. मात्र तुकड्याची लांबी पाहता दोन्ही बाजूंनी ३०० अक्षरे वाचणारे सीक्वेन्सिंग मागावे, कारण २५० मध्ये दोन टोके एकमेकांवर जेमतेम चढतात.

पण १८एसला ट्रायकोडेस्मियम दिसत नाही. फेब्रुवारी ते मे या काळात आपल्या पश्चिम किनाऱ्यावर पाण्यावर लाकडाच्या भुशासारखा पिवळट-तपकिरी थर मैलोन्मैल तरंगताना दिसतो, तो याच नीलहरित जिवाणूचा. तो आदिकेंद्रकी, म्हणजे पेशीत केंद्रक नसलेला, आहे, त्याला १८एस जनुकच नाही. डोळ्यांना दुसरे काही दिसत नसताना तुमच्या अहवालात तो शून्य असेल. त्यासाठी जिवाणूंचे १६एस जनुक लागेल, आणि १६एस केल्यास एक लाभ असा होतो की, शैवालांच्या हरितलवकांचे रीड्सही त्यात येतात व १८एसच्या निकालाशी ताडून पाहता येतात. कोपेपॉड प्रजातीपर्यंत ओळखायचे असतील तर १८एस अपुरे पडते, कारण एकाच प्रजातिसमूहातील भावंडांमध्ये तो तुकडा अक्षरशः सारखा असू शकतो. तेथे सीओआय जनुकाचा ३१३ अक्षरांचा तुकडा, ज्याचे प्रायमर लेरे आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये दिले, जास्त उपयोगी पडतो. आणि स्यूडो-निट्झियासारख्या, ज्याच्या काही प्रजाती डोमोइक आम्ल हे विष तयार करतात, अशा डायटमविषयी केवळ व्ही४वरून प्रजातीचे नाव छापू नये; तेथे आयटीएस हा प्रजातींमध्ये अधिक वेगळा असणारा डीएनएचा भाग पाहावा लागतो. पैसे एकाच प्रायमरपुरते असतील तर १८एस व्ही४ करावे, आणि शीर्षकात ‘प्लवकांची विविधता’ असे न लिहिता ‘दृश्यकेंद्रकी प्लवकांची विविधता’ असे लिहावे.

किटबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. माती किंवा पाण्यासाठी असलेले, सूक्ष्म मण्यांनी पेशी फोडणारे आणि गढूळ पाण्यातील ह्युमिक (कुजलेल्या वनस्पतींपासून आलेली) द्रव्ये काढून टाकणारे कोणतेही चांगले किट चालेल. डायटमचे सिलिकाचे कवच केवळ विकराने (एन्झाइमने) नीट उघडत नाही, म्हणून मणी हवेतच. एकदा निवडलेले किट, मणी हलवण्याचा वेळ आणि पीसीआरची आवर्तने शेवटच्या नमुन्यापर्यंत बदलू नयेत. खाडीच्या नमुन्यात पीसीआर लागली नाही तर डीएनए वाढवण्याऐवजी दहापट विरळ करून पाहावा. अनेकदा तेवढ्याने काम होते, कारण अडथळा आणणारी द्रव्येही विरळ होतात.

ब्लँकच्या, म्हणजे नमुना नसलेल्या कोऱ्या चाचणीच्या, बाबतीत मात्र मी आग्रही आहे. पुण्याहून निर्जंतुक पाणी नेऊन प्रत्येक ठिकाणी ते त्याच पंपातून, त्याच हाताने गाळावे. एक्स्ट्रॅक्शनच्या प्रत्येक तुकडीत एक रिकामी नळी ठेवावी. पीसीआरमध्ये एक पाण्याची नळी असावी. आणि शक्य असल्यास ज्यातले घटक आधीपासून माहीत आहेत असे कृत्रिम मिश्रणही द्यावे. हे सर्व फक्त जेलवर चालवून, म्हणजे डीएनएची पट्टी दिसते का ते पाहून, न थांबता सीक्वेन्सिंगलाही पाठवावेत, कारण जेलवर पट्टी दिसली नाही म्हणजे त्यात काही नाही असे ठरत नाही. कोकणातल्या नमुन्यांच्या यादीत भात, आंबा, कोंबडी आणि माणूस यांची नावे आली तर दचकू नये. त्यातले काही खाडीतून खरोखरच वाहत आलेले असते, काही तुमच्या हातून आलेले असते, आणि कोणते कुठले हे ब्लँकवाचून सांगता येत नाही.

रीड्सच्या संख्येविषयी: १८एससाठी एका नमुन्याला पन्नास हजार ते एक लाख स्वच्छ रीड्स मिळाल्या तर किनारी पाण्याला बहुधा पुरतात. रीड्स वाढवत नेल्यावर नव्या गटांची भर मंदावते का, हे विरलन आलेख काढून तपासावे. तो सपाट झाला असेल तर आणखी रीड्स विकत घेण्यात अर्थ नाही, ते पैसे आणखी एका बाटलीवर घालावेत. पुढचे संगणकीय काम, म्हणजे प्रायमर कापणे, डाडा२ या संगणक-प्रणालीत चुका सुधारून एकेक अनुक्रम वेगळा करणे, संकरित (दोन जिवांचे चुकून जोडले गेलेले) तुकडे काढून टाकणे आणि पीआर२ किंवा सिल्वा या संदर्भसंचाशी जुळवणे, हे आता बऱ्यापैकी ठरून गेले आहे आणि साध्या संगणकावरही होते.

अर्थ लावताना मात्र सांभाळावे लागते. रीड्स म्हणजे पेशींची संख्या नव्हे. एखाद्या मोठ्या डायनोफ्लॅजेलेटच्या (नॉक्टिल्युका ज्या गटात येते त्यातल्या जिवाच्या) एका पेशीत १८एसच्या हजारो प्रती असतात, तर दोन मायक्रॉनच्या हिरव्या शैवालात मोजक्याच. ज्या मतदार यादीत कोणाचे नाव एकदा आणि कोणाचे हजार वेळा छापले आहे, तिच्यावरून गावाची लोकसंख्या काढण्यासारखे ते आहे. म्हणून ‘दाभोळला डायनोफ्लॅजेलेट ६० टक्के’ असे वाक्य टाळावे. ‘दाभोळच्या रीड्समध्ये डायनोफ्लॅजेलेटचा वाटा देवगडपेक्षा जास्त’ हे म्हणता येते, कारण एकाच गटाची, एकाच पद्धतीने केलेली, दोन ठिकाणांतली तुलना बरीच सुरक्षित असते. त्याखेरीज पाण्यातला सगळाच डीएनए जिवंत पेशींचा नसतो. खाडीच्या मुखाशी आतल्या भागात मेलेल्यांचाही असतो.

यातूनच सूक्ष्मदर्शकाच्या प्रश्नाचे उत्तर निघते. गरज उरते, किंबहुना वाढते. संदर्भसंचांतील बरेच अनुक्रम युरोप-अमेरिकेच्या पाण्यातील जिवांचे आहेत आणि सार्वजनिक संचांत चुकीच्या नावाने जमा झालेले अनुक्रमही आहेत. शंभर टक्के जुळणी झाली तरी तिचा अर्थ एवढाच की कोणीतरी, कुठेतरी, असाच अनुक्रम त्या नावाखाली ठेवला आहे. तुम्ही सर्व प्लवक ओळखायला शिकण्याची आवश्यकता नाही. तुमच्या नमुन्यांतले ठळक वीस-पंचवीस प्रकार सेजविक-राफ्टर पात्रात (सूक्ष्मदर्शकाखाली मोजणीसाठीच्या काचेच्या पात्रात) मोजता आले, तरी डीएनएने सांगितलेल्या आकड्यांना आधार मिळतो आणि नॉक्टिल्युका किंवा ट्रायकोडेस्मियमसारखी वगळलेली नावे लगेच लक्षात येतात. पुण्यात यासाठी दूर जावे लागत नाही: आघारकर संशोधन संस्थेत डायटमवर काम होते, आकुर्डीला भारतीय प्राणी सर्वेक्षणाचे पश्चिम क्षेत्रीय केंद्र आहे. समुद्री प्लवकांसाठी गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचा अनुभव सर्वांत मोठा. या ठिकाणी आधी पत्र पाठवून, आपले प्रश्न नेमके लिहून गेल्यास उपयोग अधिक होतो.

एकूण हिशेब असा होतो. चार ठिकाणे, प्रत्येकी तीन बाटल्या, प्रत्येक बाटलीचे दोन आकारगट, म्हणजे चोवीस फिल्टर. ब्लँक आणि कृत्रिम मिश्रण धरून तीसच्या थोडे वर. तुमच्या दहा नमुन्यांच्या साधारण तिप्पट. खर्च आवाक्याबाहेर जात असेल तर मी ठिकाणे तीन करीन, किंवा ०.२२ मायक्रॉनचे फिल्टर पुढच्या वर्षासाठी उणे ८० अंशांवर ठेवून देईन; बाटल्या आणि ब्लँक यांना हात लावणार नाही. प्रत्येक नमुन्याबरोबर तापमान, क्षारता, सेची तबकडीची (पाण्याची पारदर्शकता मोजणाऱ्या चकतीची) खोली, तिथी, भरतीची वेळ आणि गाळलेले पाणी यांची नोंद हवी. सार्वजनिक संचात अनुक्रम जमा करताना ती सर्व बरोबर द्यावी.

आणि दिवाळीची वाट पाहण्याआधी एक गोष्ट करून पाहावी. येत्या एखाद्या शनिवार-रविवारी ताम्हिणी उतरून रायगडातल्या जवळच्या एखाद्या खाडीवर जावे, एकाच जागी भरतीच्या माथ्यावर तीन आणि त्याच दिवशी ओहोटीच्या तळाला तीन बाटल्या घ्याव्यात, तेथेच गाळून पाहाव्यात. फिल्टर किती पाण्याला बुजतो, पंप किती वेळ घेतो, एका माणसाला हे झेपते का, हे त्यातून कळेल. हे सहा फिल्टर आणि एक ब्लँक यांचे सीक्वेन्सिंग आधी करून घ्यावे. भरती-ओहोटीतला फरक तीन बाटल्यांमधल्या आपसातल्या फरकाहून मोठा निघाला, तर किनाऱ्यावर भरतीच्या माथ्यापासून किती मिनिटांच्या आत पाणी घ्यायचे याची मर्यादा त्यावरून घालून घ्यावी.